सेमी-ऑटो एअर रायफलची निवड : बावधन-पौडमधल्या एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बावधनला राहणारे एक निवृत्त गृहस्थ. आयुष्य भोसरीच्या टूल रूममध्ये गेलेलं, त्यामुळे मोजल्याशिवाय काही मान्य करायचं नाही हा स्वभाव. मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे त्यांची थोडी जमीन आहे आणि तिथे पत्र्याची लांबट शेड. शेडमध्ये १० आणि २० मीटरवर कागदी आणि पडणारी पत्र्याची लक्ष्यं लावून नेमबाजी करायची, ही त्यांची जुनी हौस. ओळख लपवायची असल्याने इथे त्यांना 'काका' म्हणू.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी ते नळी मोडून ताणायची स्प्रिंगची बंदूक वापरत. ती ताणायला दर वेळी १४-१६ किलोंचा जोर लागतो आणि सकाळभरात पन्नास-साठ वेळा ते करावं लागतं. डॉक्टरांनी हा प्रकार कायमचा बंद करायला सांगितला. मग काकांनी सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) १२ ग्रॅमच्या कॅप्सूलवर चालणारी, १२ छऱ्यांच्या फिरत्या चक्रीची सेमी-ऑटो रायफल घेतली, म्हणजे दर बाराला हाताने न भरता नुसता चाप ओढत मारायची. वर्षभरात ती त्यांच्या मनातून उतरली. डिसेंबरच्या सकाळी पत्र्याची लक्ष्यं पडेनात, मे महिन्यात गाडीतून काढल्यावर पहिले काही बार फुसके, आणि भरभर मारलं की शेवटचे छर्रे खाली लागायचे. बंदूक सदोष आहे असं समजून त्यांनी ती दोनदा दुरुस्तीला दिली. दोन्ही वेळा काही दोष निघाला नाही.

प्रश्न नेमका काय होता

दोष नव्हताच. कॅप्सूलमध्ये सीओटू द्रवरूपात असतो आणि त्याच्या वाफेचा दाब सर्वस्वी तापमानावर ठरतो : १० अंशांना सुमारे ४५ बार (हा बार म्हणजे दाबाचं एकक), २० अंशांना ५७, ३० अंशांना ७२. पौडच्या बाजूला थंडीतल्या सकाळी पारा १०-१२ अंशांवर असतो, उन्हाळ्यात दुपारी ३८च्या वर. म्हणजे एकाच बंदुकीला वर्षभरात दीडपटीहून जास्त फरकाचा दाब मिळतो. ३१ अंशांच्या वर तर कॅप्सूलमध्ये द्रव उरतच नाही. उन्हात तापलेल्या गाडीत दाब इतका चढतो की हॅमरच्या (आतल्या हातोडीच्या) ठोक्याने व्हॉल्व्ह, म्हणजे वायू सोडणारी झडप, पुरता उघडत नाही. मे महिन्यातल्या फुसक्या बारांचं कारण हे.

भरभर मारण्याची अडचण वेगळी. द्रवाची वाफ होताना उष्णता खेचली जाते आणि कॅप्सूल गार पडते. फेब्रुवारीत क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) बघितलं तेव्हा ०.५१ ग्रॅमच्या छऱ्याचा पहिला वेग सेकंदाला १७६ मीटर आला, लागोपाठ बारावा १५५. तीन मिनिटं थांबल्यावर पुन्हा १७०. शिवाय या जातीच्या रायफलींत चाप ओढण्याच्या जोरावरच चक्री फिरते. बोटाला साडेचार-पाच किलोंचा ओढा बसतो आणि नेम हलतो. नावाला सेमी-ऑटो असली तरी आतली रचना रिव्हॉल्व्हरची आहे. या रायफली वाईट नाहीत. त्या गारव्यात आणि घाईत चालत नाहीत, आणि काकांना नेमक्या त्याच दोन गोष्टी हव्या होत्या.

म्हणून गरज नव्याने लिहून काढली. खांद्यावर ताण नको. वर्षभर वेग सारखा हवा. १२ बार लागोपाठ, अडकल्याशिवाय. २० मीटरवर १२ छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, २५ मिमीच्या आत. आणि परवान्याची भानगड नको.

कायद्याची रेघ

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिमीपर्यंत आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलपर्यंत असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. यातलं काहीही ओलांडलं की लागतो. विक्रेत्याला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, बिल जपून ठेवावं लागतं. सेमी-ऑटोच्या ग्राहकाला ही रेघ जास्त टोचते, कारण जगभरात बनणाऱ्या दाबहवेच्या (टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) सेमी-ऑटो रायफली बहुतेक ५.५ आणि ६.३५ मिमीच्या असतात. ४.५ मधल्या मोजक्याच, आणि त्यांतल्याही काही २० जूलच्या काठावर. परदेशी संकेतस्थळावर पाहून मन गुंतवण्याआधी एवढं तपासावं.

पक्षी, डुकरं, वानरं यांच्यावर चालवण्याचा विषयच नव्हता. तो वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधाचा भाग आहे आणि काकांना त्यात रस नव्हता.

पर्याय

पहिला पर्याय सीओटूच ठेवून मोठी, ८८ ग्रॅमची कॅप्सूल वापरणाऱ्या रायफलीकडे जाण्याचा. मोठी कॅप्सूल उशिरा गार पडते, पण डिसेंबर तोच राहतो. बाद.

दुसरा, दाबहवेची पण बाजूच्या लिव्हरने छर्रा भरणारी मॅगझिनची (छर्रे भरून ठेवायच्या सुट्या खोक्याची) रायफल. भारतात मिळायला सोपी, दुरुस्तीला सोपी, आणि अडकण्याचं प्रमाण सेमी-ऑटोपेक्षा कितीतरी कमी, कारण छर्रा हाताच्या वेगाने आत जातो आणि काही अडलं तर हाताला लगेच कळतं. काकांनी ती फक्त खांद्याला लावून पाहिली. लिव्हर मागे घेताना खांदा दुखला आणि पर्याय तिथेच सोडला. या निर्णयाकडे शेवटी परत येऊ.

तिसरा, दाबहवेची खरी सेमी-ऑटो. दोन रायफली पाहण्यात आल्या : एक वापरलेली (हिला 'अ' म्हणू), दुसरी विक्रेत्याकडची नवी ('ब').

घरातून आणखी एक मागणी होती. तेरा वर्षांची नात बालेवाडीला नेमबाजी शिकते, तिलाही हीच बंदूक चालेल का? नाही चालणार. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दर बाराला एकच छर्रा हाताने भरायचा असतो. तिथली रायफल सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाची, सुमारे ८ जूलची, आणि लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. कामच वेगळं. एका बंदुकीत दोन्ही बसवायच्या नादात दोन्ही बिघडतात. नातीने क्लबच्या रायफलवर शिकत राहायचं ठरलं.

सेमी-ऑटो का अडकते

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढची सगळी चाचणी यावर उभी आहे. दाबहवेच्या सेमी-ऑटोत एकाच बाराच्या हवेला दोन कामं असतात. हॅमर व्हॉल्व्हवर आदळला की हवा छऱ्यामागे जाते, आणि तिचाच थोडा वाटा एका बारीक छिद्रातून बोल्टला (छर्रा आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाला) मागे ढकलतो. बोल्ट मागे जाताना हॅमर ताणला जातो, मॅगझिन एक घर पुढे सरकतं, आणि परतीची स्प्रिंग बोल्टला पुढे आणते तेव्हा त्याची काडी नवा छर्रा नळीत ढकलते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

दाब कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही. मग एक तर नवा छर्रा येत नाही आणि पुढचा बार रिकामा जातो, किंवा हॅमर ताणला जात नाही. दुसऱ्या प्रकारात माणूस हाताने बोल्ट ओढतो, आणि नळीत आधीच एक छर्रा असताना दुसरा आत ढकलला जातो. दोन छर्रे नळीत बसले की उपाय एकच : मॅगझिन काढायचं, टाकीतली हवा पूर्ण सोडायची, आणि मग पितळेच्या किंवा नायलॉनच्या गजाने ते हळूहळू बाहेर ढकलायचे. 'हवेनेच उडवून टाकू' म्हणून पुन्हा चाप ओढू नये.

दुसरं मोठं कारण म्हणजे छर्रा स्वतः. शिसं मऊ असतं आणि छऱ्याचा मागचा घेर कागदासारखा पातळ. हाताने भरताना जी गोष्ट चालून जाते ती बोल्टच्या झटक्यात चालत नाही. मॅगझिनचं घर नळीच्या तोंडासमोर केसभर जरी चुकलं, तर घेर एका बाजूने चेपतो.

चाचणी

'ब'च्या विक्रेत्याचं म्हणणं होतं, "काका, सेमी-ऑटो म्हणजे सेमी-ऑटो, सगळ्या सारख्याच. बिनधास्त घ्या." काकांनी पैसे देण्याआधी दोन्ही रायफली क्रोनोग्राफवर आणि कागदावर घेण्याची अट घातली. सगळ्या प्रकरणात याच अटीने पैसे वाचवले.

आधी 'अ'. दिसायला देखणी, किंमतही कमी. विकणाऱ्याने स्वतः मोजलेला आकडा दिला होता : ०.५४७ ग्रॅमचा छर्रा, वेग २६८. हिशोब सोपा आहे : वजन किलोत, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर १९.६ जूल. म्हणजे कायद्यात. पण दाबहवेच्या रायफलीत छर्रा जड घेतला की ऊर्जा वाढते, कारण तो नळीत जास्त वेळ राहतो आणि हवेला ढकलायला अवधी मिळतो. स्प्रिंगच्या बंदुकीत बहुधा उलट होतं, म्हणून जुन्या वापरणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. ०.६७० ग्रॅमचा छर्रा घालून मोजलं तर वेग २४८ आणि ऊर्जा २०.६ जूल. रेघ ओलांडलेली. हॅमरची स्प्रिंग ढिली करून ऊर्जा खाली आणता येते, पण या रायफलीत तसं केलं की बोल्टला मिळणारी हवाही घटते आणि तो पुरता मागे जाण्याची खात्री जाते. 'अ' परत गेली.

मग 'ब'. टाकी २५० सीसीची, रेग्युलेटर (पुढे जाणाऱ्या हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) ११० बार दाबाला लावलेला, १२ छऱ्यांची दोन मॅगझिनं सोबत. ०.५४७ ग्रॅमला वेग २४३ ते २४८, म्हणजे १६-१७ जूल, ०.६७० ग्रॅमलाही १८च्या आत. २०० बार दाबापासून सुरुवात करून दर मॅगझिननंतर दाब लिहून ठेवला. पाच मॅगझिनं, म्हणजे ६० छर्रे मारून झाल्यावर काटा १२० वर आला. सहाव्या मॅगझिनमध्ये ११५च्या खाली गेल्यावर वेग पडू लागला आणि अकराव्या बाराला बोल्ट अर्ध्यात थांबला. हिशोब जुळतो : ८० बार दाब गुणिले पाव लिटर म्हणजे २० लिटर हवा, ६० छऱ्यांत वाटली की दर बाराला साधारण एक तृतीयांश लिटर. लिव्हरच्या रायफलीला एवढ्याच ऊर्जेला याहून कमी पुरते. उरलेली हवा बोल्ट हलवण्याची किंमत आहे.

आता अडकण्याची मोजणी. कागदावर छान गोल भोक पाडतो म्हणून काकांना चपट्या डोक्याचा छर्रा आवडायचा. १२० चपट्यांत पाच अडकले, १२० गोल डोक्याच्यांत एक. चपट्या छऱ्याच्या डोक्याची कड नळीच्या तोंडावर आपटते, गोल डोकं स्वतःच वाट काढतं. पण आकड्यांच्या पलीकडे एक गोष्ट दिसली, आणि ती टूल रूमच्या माणसालाच दिसली. काकांनी अडकलेले सहाही छर्रे चिमट्याने बाजूला ठेवले होते. भिंगाखाली चार छऱ्यांच्या घेरावर एकाच जागी, नखाच्या कोरीएवढी, चंद्रकोरीच्या आकाराची चेप होती. उरलेल्या दोघांची डोकी खरवडली होती, घेर शाबूत. काकांनी मॅगझिनच्या घरांना मार्करने आकडे घातले आणि पुन्हा मारून पाहिलं. चेपलेला छर्रा प्रत्येक वेळी पहिल्या मॅगझिनच्या सातव्या घरातला. त्या घराच्या तोंडाशी साच्यातून आलेली प्लास्टिकची बारीक कड राहिली होती. विक्रेत्याने मॅगझिन बदलून दिलं. मग गोल डोक्याचे २४० छर्रे मारले, एकही अडकला नाही. २० मीटरवर १२ छऱ्यांचा ग्रुप १९ मिमी.

निर्णय

'ब' घेतली, पण तीन गोष्टी सोबत बांधून. एकच छर्रा : गोल डोक्याचा, ०.५४७ ग्रॅम, प्रत्येक डबा उघडल्यावर वाकड्या घेराचे वेगळे काढून. एकच खिडकी : २०० बारला भरायची, १२०ला थांबायची, 'अजून एक मॅगझिन' नाही. आणि बिलासोबत विक्रेत्याच्या सहीने मोजलेल्या ऊर्जेचा कागद, जो रायफलच्या पेटीतच राहील.

हवा भरण्याचा निर्णय मात्र घाईत झाला. पहिल्यांदा हातपंप ठरला होता, स्वस्त म्हणून. ज्या खांद्यासाठी स्प्रिंगची बंदूक सोडली, त्याच खांद्याने १८० बारच्या पुढे पंपाचा दांडा सगळं वजन टाकून दाबायचा, ही विसंगती सुनेच्या लक्षात आली. बदल्यात छोटा विजेचा कॉम्प्रेसर घेतला. ऑक्सिजनची बाटली कुणी सुचवली तर ती सूचना तिथेच तोडावी. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. दाबाच्या भागांत सिलिकॉन सोडून दुसरं तेलही घालू नये.

शेडच्या टोकाला ६ मिमी लोखंडी पत्रा ४५ अंशात खाली झुकवून, खाली वाळूचा ट्रे, मागे विटांची भिंत. चष्मा सगळ्यांना. नेमबाजी झाल्यावर साबणाने हात, मग चहा.

पुढचे आठ महिने

मार्च ते जून काही घडलं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र एक विचित्र लक्षण दिसलं : आठवडाभर ठेवलेल्या रायफलचा पहिला बार वर लागायचा, दुसऱ्यापासून ठीक. क्रोनोग्राफवर पहिला वेग २६२, पुढचे २४६. पहिल्या बाराची ऊर्जा १८.८ जूल. बोल्टचा आवाजही पहिल्या बाराला कडक.

हे रेग्युलेटर झिरपण्याचं ठरलेलं लक्षण आहे. बंद असताना टाकीतली हवा सीटमधून (रेग्युलेटरच्या झडपेच्या बैठकीतून) हळूहळू पुढच्या कप्प्यात जाते आणि तिथला दाब ठरवलेल्या ११०च्या वर चढतो. उघडल्यावर सीटवर पांढरट बुरशीसारखा थर आणि ओल दिसली. पावसाळ्यातल्या मुळशीची हवा दाबली की तिच्यातलं पाणी बाहेर पडतं. कॉम्प्रेसरचा निचरा न करता वीस मिनिटं सलग चालवला होता आणि गाळणीतला कापूस तीन महिने तोच होता. सीट आणि ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या. आता दर पाच मिनिटांनी निचरा, दर पाच भरण्यांनंतर नवी गाळणी, आणि जून ते सप्टेंबर निळ्या सिलिका जेलची जादा नळी मध्ये. जेल गुलाबी झालं की भरणं थांबवायचं.

ऑक्टोबरात दोन दिवसांत तीन छर्रे अडकले. यावेळी नळीच्या तोंडाशी असलेली छोटी ओ-रिंग एका बाजूने चिरली होती. वीस रुपयांचा भाग. सेमी-ऑटोत ती लवकर झिजते, कारण छर्रा तिच्यावरून झटक्याने जातो. दोन-अडीच हजार बारांना ती न विचारता बदलावी. त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत, थंडी सुरू झाल्यावरही, वेग २४३-२४८ मध्येच राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, लिव्हरची रायफल फार लवकर सोडली. नंतर सहज म्हणून स्प्रिंगच्या काट्याने मोजलं तर तिच्या लिव्हरला जेमतेम दोन किलो लागले. दुखणं जोराचं नव्हतं, कोपर मागे नेण्याचं होतं. काही रायफलींत लिव्हर डाव्या बाजूला लावता येतो, टेकूवर ठेवून डाव्या हाताने तो काकांना सहज जमला. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर कदाचित सेमी-ऑटो लागलीच नसती, आणि खर्चही कमी झाला असता. ज्याला फक्त कागदावर मारायचं आहे त्याला आम्ही आजही लिव्हरचीच सुचवू. काकांच्या पडत्या पत्र्यांच्या खेळात सेमी-ऑटोचा आनंद खरा आहे, म्हणून त्यांची खरेदी चुकीची म्हणता येत नाही. पण तुलना अर्धवट झाली होती.

दुसरं, हवेचा खर्च रायफलच्या किमतीत पहिल्यापासून धरायला हवा होता. कॉम्प्रेसर, गाळण्या, जेल आणि ओ-रिंगांचा संच मिळून रायफलच्या जवळजवळ निम्मी रक्कम झाली, आणि ती खरेदीनंतर कळली.

तिसरं, चाचणी फक्त फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेत झाली. रेग्युलेटर तपासायला पावसाळ्याची वाट पाहायची गरज नव्हती. रायफल भरून विक्रेत्याकडेच दोन रात्री ठेवायची, तिसऱ्या दिवशी पहिला आणि पाचवा वेग मोजायचा. दोहोंत सेकंदाला पाच-सात मीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर पैसे देण्याआधी सीट बदलून मागायची.

चौथं, तिसरं मॅगझिन सुरुवातीलाच घ्यायला हवं होतं. सेमी-ऑटोत पहिल्यांदा दगा देतं ते मॅगझिन, आणि मॉडेल बंद झालं की सुटं मॅगझिन मिळत नाही. काकांनी डिसेंबरात दोन मागवली. आल्यावर चोवीसही घरांना आकडे घातले आणि प्रत्येक घरातून दहा-दहा छर्रे मारून पाहिले.